बावखलाचा वाटा

"वसईला राहता? मजा आहे बुवा तुमची. झाडं, पाणी, समुद्र," असं कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणारा बिचारा चांगल्या मनानंच म्हणत असतो, म्हणून मी हसते आणि विषय बदलते. इतकी वर्षं विषय बदलून मला आता कंटाळा आला आहे.

आम्ही परळला राहायचो. एका खोलीत सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि मधे एक पडदा. नव्वदीच्या मध्यावर दोघांच्या नोकऱ्या कायम झाल्या आणि आम्ही घर शोधायला लागलो. पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनांपर्यंत सगळीकडे हिंडलो. नायगावला एका एजंटनं खाडीकाठच्या खाजणात उभं केलं, चारी दिशांना हात फिरवला आणि इथे उद्या काय काय होणार ते सांगितलं. माझ्या चपला चिखलात रुतत होत्या. मी म्हटलं, उद्या झालं की कळवा. नवरा ओशाळला. मी कुठेही तोंड उघडलं की तो ओशाळतो, ही आमची लग्नापासूनची वाटणी आहे.

मग कोणीतरी वसईचं सांगितलं. स्टेशनपासून लांब, होळी नावाच्या नाक्याच्याही पुढे, वाड्यांच्या मधोमध एक इमारत उभी राहत होती. जिन्याला कठडा नव्हता. बिल्डर स्वतः आम्हाला दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेला आणि एका उघड्याबोडक्या गॅलरीत उभं करून म्हणाला, "बघा ताई."

मी बघितलं. खाली बावखल होतं.

तेव्हा मला हा शब्दही माहीत नव्हता. बावखल म्हणजे विहीर नव्हे आणि तळंही नव्हे. वाडीत पूर्वजांनी खणून ठेवलेला मोठा, उतरत्या काठांचा खड्डा. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आणि आजूबाजूच्या विहिरींना गोडं पाणी मिळतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या विहिरी खाऱ्या होत नाहीत त्या बावखलांच्या जिवावर. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसलं ते हिरवं, शांत पाणी, काठावर वाकलेली चिंच, पलीकडे केळी आणि मोगऱ्याचे वाफे, आणि पाण्यालगतच्या फांदीवर बसलेला एक खंड्या. पडद्यामागे राहिलेल्या बाईला अजून काय दाखवायला हवं?

"हे राहणार ना?" मी विचारलं.

"म्हणजे काय? याच्यावरून तर बिल्डिंगचं नाव ठेवलंय," बिल्डर म्हणाला. इमारतीच्या नावात खरोखरच 'लेक' होतं आणि 'व्ह्यू'ही होता. नवरा स्टेशनला जायला रिक्षा मिळेल का, पाण्याची टाकी केवढी, असलं काहीबाही विचारत होता. माझं ठरलं होतं. मी माझी दादरची नोकरी सोडली, वालीवला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात कमी पगाराची धरली, आणि आम्ही दोघांच्या नावावर घर घेतलं. दोघांच्या नावावर, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पलीकडच्या काठावर एक म्हातारी बाई राहायची. गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली, लाल चौकड्यांचं लुगडं, कानाच्या वरच्या पाळीत सोन्याच्या कुड्या. नवरा गेलेला, मुलगा आखातात, सून शाळेत शिक्षिका. बाई दिवस उजाडायच्या आत मोगरा खुडायची, वाफ्यांना पाणी सोडायची आणि उन्हं वर आली की माझ्या गॅलरीकडे बघून बोलायला लागायची. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. घरात ती माणसं त्यांची बोली बोलत, ती मला कधीच नीट कळली नाही. माझ्याशी मात्र मावशी फादरांच्या शाळेत शिकलेलं मराठी बोलत, फक्त त्यात 'ण' नसायचा.

उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी मावशींनी खालून हाक मारली. "गाळ काढायचाय. तुमच्या घरातनं कोन येतोय?"

मला काही कळेना. मावशींनी समजावलं. बावखल कोणा एकाचं नव्हतं. काठावरच्या सात-आठ घरांचं मिळून होतं. दरवर्षी पाणी तळाला गेलं की चर्चमधली मिस्सा झाल्यावर प्रत्येक घरातून एक माणूस घमेलं-फावडं घेऊन यायचा. गाळ निघायचा, तो वाड्यांत वाटून जायचा. त्याआधी उरल्या पाण्यातले मासे धरायचे, चिंचेखाली त्यांचे सारखे ढीग करायचे, आणि प्रत्येक घराला एक ढीग. आमची इमारत जिथे उभी होती तिथेही पूर्वी असंच एक घर होतं. त्या घरानं जागा बिल्डरला विकली आणि माणसं बोरिवलीला गेली.

"ते गेले. त्यांच्या जागी तुम्ही आलात," मावशी म्हणाल्या. "वाटा जागेचा असतो, मानसाचा नाय."

मला अजूनही हे वाक्य आठवतं आणि मी थांबते. कुठून कुठून आलेले आम्ही, ना ओळख ना देख, आणि या बाईनं आम्हाला एका वाक्यात वाटेकरी करून टाकलं. आम्ही काय केलं? इमारतीत चोवीस घरं. मी एकेका दारावर जाऊन सांगून आले. कोणाची पाठ दुखत होती, कोणाकडे पाहुणे होते. शेवटी मी, माझा नवरा आणि सोसायटीनं पाठवलेला वॉचमन असे तिघं उतरलो. गुडघाभर चिखलात मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले. मावशींनी मला शिंगी धरायला शिकवली. शिंगी म्हणजे मिशाळ, काळा, बुळबुळीत मासा. पाण्याबाहेरही तासन्‌तास जिवंत राहतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या परांत एकेक काटा असतो, तो लागला की हात खांद्यापर्यंत ठणकतो. डोक्यामागून, काट्यांच्या मागे बोटं घालून असा धरायचा, असं त्यांनी माझी बोटं धरून दाखवलं. "चुकलीस तर सांजपर्यंत रडशील," म्हणाल्या.

आमच्या इमारतीच्या वाट्याला एक टोपली आली. शिंग्या आणि दोन मोठे मरळ. मी ती खाली मीटरच्या खोलीसमोर ठेवली, आणि ज्या लोकांच्या पाठी दुखत होत्या ती झाडून सगळी जिन्यावरून खाली आली. मरळ कोणाला यावरून तळमजला आणि तिसरा मजला यांच्यात जुंपली. एकानं टोपली ओढली. दुसरा म्हणाला, आमच्याकडे जास्त माणसं आहेत. शिकलेली, बँकांतली, शाळांतली माणसं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून मावशी बघत होत्या. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी मावशींनी मला म्हटलं, "तुमच्या लोकांची भांडनं नकोत. मी घरटी वेगळं करते." आणि खरंच चिंचेखाली बसून त्यांनी इमारतीच्या टोपलीतले मासे घरटी वाटले, केळीच्या पानात एकेक पुडी बांधली. शहरातल्या माणसांच्या हातांना लागू नये म्हणून प्रत्येक शिंगीचे काटे आधी स्वतः कोयत्यानं मोडले. चोवीस पुड्या मी घरोघर पोचवल्या. त्या वर्षी कोणी भांडलं नाही. त्यानंतर तीच रीत पडून गेली. कामाला मी, माझा नवरा आणि वॉचमन, आणि पुड्या चोवीस.

त्या तीन-चार वर्षांत मी सुखी होते, हे आधी सांगून टाकते. सकाळी गॅलरीत चहा घेताना पाणकोंबड्या पिल्लांना घेऊन काठाकाठानं फिरायच्या. वालीवच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर उकडून आले की संध्याकाळी त्या पाण्यावरून येणारा वारा अंगावर घ्यायचा आणि मगच स्वयंपाकाला लागायचं. एवढंच माझं वैभव. त्यासाठी मी नोकरी बदलली होती, आणि मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

मग बिल्डर परत आला. आता तो 'शेठ' झाला होता. आमच्या चेअरमनच्या घरी त्याच्या बैठका सुरू झाल्या. चेअरमन म्हणजे पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ, मंत्रालयात कुठल्याशा खात्यात. आवाज मऊ, पण माणूस असा की पाण्यात उतरेल आणि धोतर भिजू देणार नाही. थोड्याच दिवसांत जिन्यात कुजबुज सुरू झाली. बावखलात डास होतात. साप निघतात. एखादं पोर पडलं तर? आणि गाड्या लावायला जागा कुठे आहे? तेव्हा अख्ख्या इमारतीत मिळून दोन गाड्या होत्या. चार वर्षं त्या पाण्याकडे बघत भजी खाणाऱ्यांना अचानक डास चावायला लागले.

मी नवऱ्याला म्हटलं, "यात काहीतरी शिजतंय."

"तुला सगळीकडे शिजताना दिसतं," तो म्हणाला.

शिजत होतं ते असं. बावखल बुजवायचं, वर पार्किंग आणि बाग करून द्यायची, असं बिल्डरनं सांगितलं होतं. पण जुन्या रीतीप्रमाणे बावखलाचा कुठलाही निर्णय काठावरच्या घरांनी चिंचेखाली बसून, हात वर करून घ्यायचा असतो. घरटी एक हात, ज्या बाजूला जास्त हात ती बाजू. बिल्डरनं गावातल्या दोन घरांना आधीच फोडलं होतं. बाकीची चार-पाच घरं मावशींच्या बाजूनं होती, आणि आमच्या इमारतीचा हात एक. बुजणार नव्हतं. मी निर्धास्त होते. मावशीही निर्धास्त होत्या.

रविवारी मिस्सा आटपल्यावर सगळे चिंचेखाली जमले. आमच्या इमारतीतून इतकी माणसं आली की मला आश्चर्य वाटलं. गाळ काढायला यांतलं एकही कधी फिरकलं नव्हतं. बिल्डर खुर्चीवर बसला होता, चेअरमन उभे होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर चेअरमन मावशींकडे वळले आणि त्या मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, एक विचारतो. बावखलातला मासा कोणाला मिळतो?"

"वाटेकऱ्याला."

"दुसऱ्या कोणाला मिळतो का?"

"नाय. वाटा असेल त्यालाच."

"आमच्या इमारतीत तुम्ही मासे कसे दिलेत? सगळ्यांना मिळून एक टोपली, की प्रत्येक घराला वेगळे?"

मला तेव्हा समजलं. मी ओरडले, "मावशी, थांबा." पण मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या चेअरमनकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. त्यांनाही समजलं होतं. खोटं बोलल्या असत्या तर? नुसतं 'टोपली' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पहिल्या वर्षी टोपलीच होती.

"घरटी दिले," मावशी म्हणाल्या.

"दरवर्षी?"

"पहिला वरीस सोडून."

"म्हणजे चोवीस घरं, चोवीस वाटे, चोवीस हात," चेअरमन म्हणाले आणि मागे सरकून उभे राहिले.

माझा तोल सुटला. मी तिथे काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पुड्या यांनी भांडू नये म्हणून बांधल्या होत्या, हे सांगितलं. वाटा जागेचा, आणि जागा एक, हे सांगितलं. वाटा असेल त्यानं गाळात उतरायचं असतं, तुमच्यातलं कोण उतरलं होतं ते सांगा, असं विचारलं. चेअरमन म्हणाले, "वॉचमन सोसायटीतर्फेच उतरला होता, वहिनी." काही जण हसले. गावातल्या घरांतले पुरुष मान खाली घालून बसले होते. त्यांच्यातलं कोणीच म्हणेना की हे खोटं आहे, कारण त्यांच्या हिशेबानं हे खोटं नव्हतंच. मासा घरी गेला म्हणजे वाटा गेला. आजोबा-पणजोबांपासून ते असंच धरत आले होते, आणि आता स्वतःचं नुकसान होतंय म्हणून उलटं बोलायचं त्यांना सुचलंही नाही.

मग हात वर झाले. सगळ्यांत आधी चेअरमनचा. त्यामागे एकेक करून आमच्या इमारतीचे. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचा.

मी त्याचा हात धरून खाली ओढला. तो परत वर गेला. "सगळ्यांनी केलाय," तो पुटपुटला, "आपल्यालाच इथे राहायचंय त्यांच्यात." मी म्हटलं, घर दोघांच्या नावावर आहे, माझा हात खाली आहे, मग आमच्या घराचा हात कुठला धरणार? चेअरमन म्हणाले, "ते घरात ठरवून या, वहिनी. आम्ही साहेबांचा मोजलाय." घराच्या कर्जाचा हप्ता कापताना दोन पगार चालतात. हात मोजताना साहेबांचा.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. मावशींकडे गेले. त्या ओट्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. मी त्यांच्यावरच भडकले, कारण दुसऱ्या कोणावर भडकून उपयोग उरला नव्हता. "तुम्ही भांडत का नाही? वकील बघा. ओरडा. तुम्हाला फसवलंय त्यांनी."

"फसवलंय," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पन हात वर झाले ना? माझ्या नवऱ्याच्या वेळी एकदा आमच्या विरुद्ध हात गेले होते, तेव्हा आम्ही मानलं. आता मानलं नाय तर उद्या पान्याच्या पाळीवरनं कोन कोनाचं ऐकेल?"

"उद्या पाणीच राहणार नाही, मावशी."

मावशी कळ्या निवडत राहिल्या. मला त्यांची परडी उचलून भिरकावून द्यावीशी वाटली. इतका चांगुलपणा मी कुठेच बघितला नव्हता, आणि चांगुलपणाचा इतका संतापही मला कधी आला नव्हता.

पाऊस संपल्यावर डंपर सुरू झाले. पूर्वेच्या टेकड्या फोडून आणलेला मुरूम, पाडलेल्या चाळींचं राबिट, आणि काही डंपरांत तर वालीवच्या कारखान्यांचा कचरा. एका खेपेत मी आमच्याच कारखान्याची बाद झालेली लाल झाकणं पाण्यावर तरंगताना बघितली. खंड्या दोन-तीन दिवस चिंचेवर येऊन बसला, मग यायचा बंद झाला. चिंचही पाडली. कासवं रस्त्यावर आली आणि रिक्षांखाली गेली. गॅलरीचं दार मी बंद करून घेतलं, तरी धूळ आत येतच राहिली.

पार्किंग झालं. बाग म्हणजे दोन सिमेंटचे बाक आणि एक घसरगुंडी झाली. आणि वर्षभरातच बागेच्या जागी इमारतीची दुसरी विंग उभी राहिली, कारण तेच आधीपासून ठरलेलं होतं. माझ्या गॅलरीसमोर आता बी विंगच्या संडासांचे पाइप आहेत. कोणी पाणी सोडलं की मला कळतं. इमारतीच्या नावात 'लेक' आणि 'व्ह्यू' अजून आहेत, पितळी अक्षरांत. चेअरमननी बी विंगमध्ये मुलासाठी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कसा घेतला ते मी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते.

आमची बोअरिंग दुसऱ्याच उन्हाळ्यात मचूळ झाली. मग खारट. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, नळांवर पांढरं किटण. टँकर सुरू झाले, आणि टँकरचं पाणी भरायला तीच माणसं बादल्या घेऊन धक्काबुक्की करायला लागली, जी एका मरळासाठी भांडली होती. मी कोणाला काही बोलले नाही, कारण रांगेत मीही उभी होते. मावशींच्या विहिरीचंही तेच झालं. मोगरा आधी पिवळा पडला, मग जळून गेला. केळी ठेंगणी राहिली. पूर्वी घरातल्या पोरींच्या लग्नात जिच्यावर हळदीचा घडा भरला जायचा, त्या विहिरीवर मावशींनी झाकण ठोकून घेतलं. त्या सुनेच्या पगारावर बसून खायला लागल्या, आणि ती गोष्ट त्यांच्या मनाला लागली. दोन वर्षांत वाळून अर्ध्या झाल्या.

नवऱ्याशी मी त्या हाताबद्दल पुन्हा भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं त्यालाच वाटत असावं.

त्यानंतर काही वर्षांनी एक पावसाळा असा आला की दोन दिवस आभाळ उघडलंच नाही. लाइट गेले. पार्किंगमध्ये पाणी शिरलं, चढलं, गाड्यांच्या खिडक्यांपर्यंत आलं. तोवर गाड्या पंधरा-वीस झाल्या होत्या. मी गॅलरीतून वाकून बघत होते आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की पाण्याचे काठ ओळखीचे आहेत. चिंच होती तिथे वळण. मावशींच्या बाजूला उतार. ते बावखल होतं. इतकं राबिट पोटात घेऊन जिथल्या तिथे परत आलं होतं.

पाऊस थांबल्यावर पाणी उतरलं, पोटरीपर्यंत राहिलं. आणि त्यात मासे होते. शेतांतून, नाल्यांतून, पाणी वाहील तसे चढून आलेले. चेअरमनच्या नव्या गाडीखालून एक शिंगी निघाली आणि माझ्या पायावरून गेली. मी घरातून बादली आणली. माझ्या मागोमाग नवरा खाली आला, पँट वर दुमडून पाण्यात उभा राहिला आणि न बोलता बादली धरली. डोक्यामागून, काट्यांच्या मागे बोटं घालून मी एकेक शिंगी धरत गेले. विसरले नव्हते.

सगळ्यांत मोठी ताटात घेऊन मी भिंतीला वळसा घालून मावशींकडे गेले. त्या ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. मी ताट पुढे ठेवलं. "मावशी, तुमचा वाटा."

त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुठनं?"

"बावखलातनं."

ताटात शिंगीची शेपटी हलत होती. मग मावशींनी विचारलं, "बाकीच्या घरांना पोचला?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "बाकीच्या? मावशी, त्यांनी तुमची वाडी मारली."

"ते मला म्हाईत आहे. पन मासा निघाला ना? मग वाटा निघाला. आधी सगळ्यांना पोचव," असं म्हणून त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "नायतर मी खानार नाय."

मी ताट घेऊन परत आले. वाटेत मनातल्या मनात सगळ्या इमारतीला शिव्या घातल्या. पण ती बाई उपाशी राहील हे मला पक्कं माहीत होतं, आणि तिला त्या पाण्यातला एक घास मिळावा यापलीकडे त्या दिवशी मला दुसरं काही नको होतं. मी मीटरच्या खोलीसमोर पायरीवर बसले. कोयता नव्हता, पक्कड घेतली. एकेका शिंगीचे काटे मोडले, वर्तमानपत्रात पुड्या बांधल्या. नवरा पुड्या घेऊन आधी काठावरच्या जुन्या घरांत आणि मग इमारतीत एकेक दार वाजवत गेला आणि प्रत्येक दारात एवढंच म्हणाला, "बावखलाचा वाटा." कोणी घेतला, कोणी खाली मान घातली. एकानं दारच उघडलं नाही, तर त्याच्या कडीला अडकवून आला.

चेअरमनच्या दारावर मी स्वतः गेले.

ते बनियनवर होते. गाडी बुडाल्याचं दुःख चेहऱ्यावर होतं. "हे काय, वहिनी?"

"बावखलाचा वाटा."

"कुठलं बावखल आता?"

"तुमची गाडी ज्यात उभी आहे ते. घ्या. तुम्ही वाटेकरी आहात, तुम्हीच सांगितलं होतंत."

मागे बायको उभी होती, समोरच्या दारातले शेजारी बघत होते. नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती. त्यांनी हात पुढे केला. उजवा, चिंचेखाली सगळ्यांत आधी वर गेलेला. मी पुडी आणली नव्हती. मासा तसाच ओला, जिवंत, त्या पसरलेल्या हातावर ठेवला. शिंगी कशी धरायची ते मावशींनी मला शिकवलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. बाकीच्या सगळ्या घरांचे काटे मी मोडले होते. या एका वाट्याचे मोडले नव्हते.

मी जिना उतरत असताना वरून ओरडण्याचा आवाज आला. मी थांबले नाही. खाली ठेवलेलं ताट उचललं, पाण्यातून वाट काढत भिंतीला वळसा घातला आणि मावशींच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"पोचला सगळ्यांना?" मावशींनी विचारलं.

"पोचला," मी म्हटलं.

मावशींनी ताट ओढून घेतलं आणि सुनेला चूल पेटवायला सांगितली.